दार्यूश शायगान: उपनिषदं शिकवणारा इराणी आणि त्याचं बदललेलं मत

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी रद्दीच्या दुकानात चाळीस रुपयांना एक इंग्रजी पुस्तक मिळालं. कव्हर अर्धं फाटलेलं, आत कुणीतरी पेन्सिलीने रागारागाने रेघा ओढलेल्या. लेखक दार्यूश शायगान. नाव कधी ऐकलं नव्हतं. दुकानात उभ्या उभ्या चार पानं वाचली आणि अडकलो तो अजून सुटलेलो नाही.

थोडक्यात ओळख देतो. जन्म १९३५, तेहरान. वडील अझरी व्यापारी, आई जॉर्जियन वंशाची. शाळा फ्रेंच मिशनऱ्यांची, मग इंग्लंड, मग जिनिव्हा. तिथे हा मुलगा संस्कृत शिकला. परत येऊन तेहरान विद्यापीठात संस्कृत आणि भारतीय दर्शनं शिकवू लागला. १९६७ साली भारतातल्या धर्मांवर आणि दर्शनांवर त्याचा दोन खंडांचा फारसी ग्रंथ आला. पुढे पॅरिसला आँरी कोर्बँ या इस्लामी तत्त्वज्ञानाच्या फ्रेंच अभ्यासकाकडे डॉक्टरेट केली, तीही आपल्या दारा शुकोहवर, औरंगजेबाच्या थोरल्या भावावर!

आता मुद्द्यावर येतो. १९७७ मध्ये शायगान यांनी 'आसिया दर बराबर-ए-गर्ब', म्हणजे 'पश्चिमेसमोर आशिया', हे पुस्तक लिहिलं. इराण, भारत, चीन, जपान या जुन्या संस्कृती पश्चिमेच्या रेट्यात आपली स्मृती गमावताहेत, असा त्याचा सूर. दोन वर्षांत इराणमध्ये इस्लामी क्रांती झाली. आपल्या मुळांकडे परत चला म्हणणारेच सत्तेवर आले. आणि १९८२ मध्ये हाच माणूस पॅरिसहून फ्रेंचमध्ये लिहितो की धर्माची विचारसरणी केली की धर्मही जातो आणि विचारही जातो. २००१ च्या पुस्तकाचं तर नावच 'उजेड पश्चिमेकडून येतो'.

माझा प्रश्न: याला प्रामाणिकपणा म्हणायचं की सोय? कुणी वाचलंय का यांना?

खारी_बिस्किट
इराणी आणि तत्त्वज्ञान म्हटल्यावर मला आमच्या कोपऱ्यावरचा इराणीच आठवला. गल्ल्यावर बसून दिवसभर काही न बोलता जगाकडे बघायचा. हलकेच घ्या. वाचतोय.

उंटावरचा_शहाणा
गोदाकाठ, ओळख चांगली, पण एक गोष्ट गाळलीत. हे गृहस्थ १९७७ मध्ये तेहरानला संस्कृतींच्या अभ्यासाच्या केंद्राचे संचालक होते. केंद्र कुणाच्या आश्रयाखाली? शहाच्या, म्हणजे इराणच्या राजाच्या, राणी फराह पहलवींच्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोठी परिषद भरवली: पश्चिमी विचार जगभर पसरलेला असताना संस्कृतींमध्ये खरा संवाद शक्य आहे का? बाहेर शहाचे गुप्त पोलीस लोकांना उचलत होते आणि आत संवादावर संवाद चालला होता. क्रांती झाली, केंद्र गेलं, साहेब पॅरिसला. मग मत बदललं. यात तत्त्वज्ञान कुठे आलं? खुर्ची गेली की सगळ्यांचीच मतं बदलतात.

गोदाकाठ
@उंटावरचा_शहाणा, आश्रयाचा मुद्दा खरा आहे, मी तो लिहायला हवा होता. पण खुर्ची गेली म्हणून मत बदललं असतं तर माणूस उलट दिशेने गेला असता. पॅरिसला बसलेल्या निर्वासितांना 'आमची थोर परंपरा मुल्लांनी बिघडवली' हे ऐकायला हवं होतं. यांनी लिहिलं की बिघाड आमच्याच बोलण्यात होता.

मुळा_मुठा
वाचून खूप जुनं आठवलं. मी १९७७-७८ ला पुण्यात कॉलेजात होतो. तेव्हा पुण्यात इराणी विद्यार्थी भरपूर. आमच्या होस्टेलच्या एकाच मजल्यावर सहा जण. दिसायला देखणे, कपडे झकपक, आणि मेसमधली आमटी बघून चेहरे असे करायचे की बास.

त्यातला एक माझा चांगला मित्र झाला. नाव लिहीत नाही. त्याच्या कपाटाच्या आत अली शरियतींचा, म्हणजे धर्म आणि क्रांती यांची सांगड घालणाऱ्या इराणी विचारवंताचा, फोटो चिकटवलेला होता. बाहेर लावायची भीती, कारण सहापैकी एक जण शहाचा माणूस आहे असा सगळ्यांना संशय. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. रात्री खोलीचं दार लावून कॅसेट ऐकायचे. आवाज बारीक, खिडकीवर टॉवेल. मला शब्द कळत नसे, पण मधेच 'तारीख', 'इन्किलाब', 'मर्दुम' असे ओळखीचे शब्द यायचे आणि अंगावर काटा यायचा.

१६ जानेवारी १९७९ ला शहा देश सोडून गेला त्या दिवशी त्याने सगळ्या मजल्याला पेढे वाटले. पेढे! चितळ्यांच्या देशात राहून शिकला होता. परीक्षा अर्धवट टाकून परत गेला. दोन पत्रं आली. दुसऱ्यात पेढ्यांचा काही उल्लेख नव्हता आणि इन्किलाबचाही. त्यानंतर काहीच नाही.

शायगान यांचं मला काही माहीत नाही. पण मत बदलणं म्हटलं की मला ते दुसरं पत्र दिसतं.

रानवारा
मुळा_मुठा काका, दंडवत. यावर वेगळा धागा काढाच.

पाटी_पेन्सिल
अवांतर: 'पेशवा' शब्द फारसी आहे हे त्या इराणी मुलांना सांगितलं होतंत का काका? पीशवा म्हणजे पुढारी.

मुळा_मुठा
सांगितलं काय, त्यांनीच मला सांगितलं! शनिवारवाड्याची पाटी वाचून दाखवली तर एकमेकांना कोपरं मारत हसले. म्हणाले, तुमच्या राजाचा पंतप्रधान आमच्या भाषेत, फडणवीस आमच्या भाषेत, चिटणीसही आमच्याच. मग तुमचं काय?

सदरा_टोपी
म्हणूनच महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द.

पाटी_पेन्सिल
आणि तरी आपण 'पंतप्रधान' आणि 'सरकार' एकाच वाक्यात म्हणतो. कागद, शाई, जमीन, दरवाजा, हप्ता, बेजार... काढून टाका बघू आणि मग गृहकर्जाचा अर्ज लिहा.

सरळसोट
धाग्याचा भाजीबाजार झालेला आहे. तत्त्वज्ञ गेले वाऱ्यावर.

शब्दवेडी
सरळसोट, थांबा, बाजारातूनच परत आणते.

शायगान कळायला एक फारसी शब्द कळायला हवा, 'गर्बज़दगी'. लेखक जलाल आल-ए-अहमद यांनी १९६२ मध्ये गाजवलेला, मूळ टाकसाळ तत्त्वज्ञ अहमद फर्दीद यांची. इंग्रजीत याची भाषांतरं वाचून काही हाती लागत नाही. मराठीत मात्र चपखल शब्द तयार आहे, पश्चिमबाधा. भूतबाधा, विषबाधा तशी. 'ज़दे' म्हणजे झपाटलेला, लागण झालेला. आल-ए-अहमद उपमा देतात गव्हाच्या किडीची. वरून दाणा धडधाकट, आत पीठ झालेलं. ज्यांनी पावसाळ्यानंतर ज्वारीचं पोतं उघडलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

शायगान यांचं तरुणपण या फर्दीद मंडळींच्या सहवासात गेलं. हायडेगर वाचायचा आणि पश्चिमेला शिव्या घालायच्या, त्याही जर्मन तत्त्वज्ञानातून उसन्या घेतलेल्या! पुढे त्यांनी नेमकं हेच पकडलं. त्यांचं म्हणणं असं की पश्चिमबाधेविरुद्ध ओरडणाराच नकळत सगळ्यात जास्त बाधित असतो. क्रांती, विचारसरणी, पक्ष, जनता, इतिहासाचा नियम ही हत्यारं आली कुठून? शरियतींनी इमाम हुसैनच्या करबलाच्या हौतात्म्याला वर्गलढ्याचं रूप दिलं तेव्हा करबला जुनं राहिलं का? धर्म परत आणतोय असं वाटत असताना त्यांनी धर्माच्या अंगावर एकोणिसाव्या शतकातला युरोपी कोट चढवला.

१९८९ च्या पुस्तकात (गोदाकाठना रद्दीत मिळालं ते त्याचंच इंग्रजी असावं) यासाठी त्यांचा शब्द आहे मुलामा. मी त्याला कल्हई म्हणेन. दोन प्रकारची. जुन्या भांड्याला नवी कल्हई, म्हणजे आत तीच जातपात, वर राज्यघटनेची भाषा. आणि नव्या भांड्याला जुनी कल्हई, म्हणजे आत रॉकेट, वर नारळ. दोन्हीकडे भांडं आणि कल्हई यांचं जमत नाही आणि आमटी कळकते. (नारळ आणि जातपात माझी, दोष त्यांना देऊ नका.)

खारी_बिस्किट
कल्हईचा प्रतिसाद फ्रेम करून लावण्यासारखा. वाचनखूण साठवली.

उंटावरचा_शहाणा
शब्दवेडी, प्रतिसाद आवडला पण पटला नाही. या न्यायाने कोणत्याही गुलाम देशाने काहीही केलं तरी चूकच. पश्चिमेचं घेतलं तर बाधा, नाकारलं तर नकळत बाधा. मग करायचं काय? १९५३ मध्ये इराणचे पंतप्रधान मोसद्देक यांचं निवडून आलेलं सरकार अमेरिका-ब्रिटनने उलथवलं. ते काही कल्हई खराब होती म्हणून नाही. तेलासाठी. तत्त्वज्ञ लोक तेलाबद्दल बोलत नाहीत, स्मृतीबद्दल बोलतात. सोयीचं असतं.

शब्दवेडी
१९५३ बद्दल शंभर टक्के सहमत, आणि तुमचा आक्षेप शायगान यांच्या इराणी टीकाकारांनीही घेतलाय. राजकारण, पैसा, तेल हे त्यांच्या लिखाणात मागच्या बाकावर असतं. हे वजा करूनच वाचायचं.

भामती
दाराविषयी कुणी बोलेना म्हणून मी येते. तीस वर्षं संस्कृत शिकवलं आहे, फारसी जेमतेम.

दारा शुकोहने १६५७ मध्ये दिल्लीत निगमबोधजवळच्या आपल्या हवेलीत काशीचे पंडित आणि संन्यासी बसवून पन्नासेक उपनिषदं फारसीत आणली. नाव 'सिर्र-ए-अकबर', सर्वात मोठं गुपित. दोन वर्षांनी औरंगजेबाने त्याला मारलं. या फारसीवरून आँकतील द्युपेराँ या फ्रेंच पंडिताने १८०१-०२ मध्ये लॅटिन केलं, तेच जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवरच्या टेबलावर होतं. म्हणजे युरोपला उपनिषदं मिळाली ती फारसीच्या पाटाने. आणि तेहरानला ते पुस्तक छापून आलं ते ताराचंद आणि जलाली नाईनी यांच्या संपादनात. ताराचंद म्हणजे तिथे आपले राजदूत राहिलेले.

पण शायगान यांचा प्रबंध दाराच्या दुसऱ्या छोट्या पुस्तकावर आहे, 'मजमा-उल-बहरैन', दोन सागरांचा संगम. याचंच संस्कृत रूप म्हणजे 'समुद्रसंगम'. त्यात दारा सूफी आणि वेदान्ती शब्दांच्या जोड्या लावतो. ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणजे जिब्राईल, मिकाईल, इस्राफील. इथवर गंमत वाटते. मग तो म्हणतो, परमतत्त्वातून पहिलं बाहेर आलं ते इश्क, आणि याला हिंदचे एकेश्वरवादी 'माया' म्हणतात.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खडू खाली ठेवला. माया म्हणजे इश्क? शंकराचार्यांनी ऐकलं असतं तर? आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सहकारी तर म्हणाले, राजपुत्राला कुणी पंडिताने गोड बोलून फसवलंय.

सदरा_टोपी
ज्येष्ठ सहकाऱ्यांशी सहमत. सगळं सारखंच आहे म्हणणं हा आळशीपणा.

भामती
मीही तेच म्हणत होते. पण दारा तिथेच सूफींचं लाडकं वचन देतो. ईश्वर म्हणतो, मी लपलेला खजिना होतो, मला ओळखलं जावं अशी आवड मला झाली, म्हणून सृष्टी केली. आता तैत्तिरीय काढा. 'सोऽकामयत। बहु स्यां प्रजायेयेति।' एकाला अनेक व्हावंसं वाटलं. त्या 'वाटण्या'ची जागा बघा. एकातून अनेक होण्याच्या उंबरठ्यावर तिकडे इश्क उभा आहे, इकडे माया. शब्दाला शब्द लावला तर दारा चुकतो, जागेला जागा लावली तर तो काहीतरी बघतोय. शायगान यांचं वाचन मला या दुसऱ्या वाटेचं वाटतं. दोन घरं एक आहेत असं ते म्हणत नाहीत, दोन्ही घरांत देवघर कुठल्या कोपऱ्यात आहे ते बघतात.

तरी 'माया'मधला फसवेपणा इश्कमध्ये कुठे गेला हा माझा प्रश्न शिल्लक आहेच. दाराच्या अनुवादात आणखी एक घोळ आहे. मूळ मंत्र कुठे संपतो आणि शांकरभाष्य कुठे सुरू होतं, हे तो सांगत नाही. विद्यार्थ्याने केलं असतं तर मी गुण कापले असते.

गोदाकाठ
भामतीताई, नि:शब्द. यात एक भर घालतो. साठच्या दशकात तेहरानला एक बैठक भरायची. दर शरद ऋतूत कोर्बँ पॅरिसहून यायचे, आणि समोर अल्लामा तबातबाई, कुम या शिया धर्मशिक्षणाच्या शहरातले मोठे विद्वान. शायगान आणि सय्यद हुसैन नस्र हे दुसरे इराणी तत्त्वज्ञ मध्ये बसून दुभाष्याचं काम करायचे. तिथे दाराची फारसी उपनिषदं वाचली गेली, बायबलची शुभवर्तमानं वाचली गेली, ताओचा ग्रंथ तर नस्र आणि शायगान यांनी खास फारसीत करून वाचला. अल्लामा त्यावर असे बोलायचे की जणू लिहिताना तिथे हजर होते, अशी शायगान यांची आठवण.

त्या गटातले पुढे कुठे कुठे गेले बघा. आणि त्याच कुममधून पुढच्या दहा-पंधरा वर्षांत काय आलं तेही बघा.

चंद्रभागा
हे वाचून आपल्याकडचं आठवलं. श्रीगोंद्याचे शेख महंमद, 'योगसंग्राम'कर्ते. परंपरा कादिरी सूफी, भाषा मराठी, मांडणी योग-वेदान्ताची. दाराही कादिरीच. दोघं साधारण एकाच शतकातले. दाराच्या संगमावर पॅरिसला प्रबंध होतो आणि श्रीगोंद्याला एसटीने जाता येतं तरी आपण जात नाही, मी धरून.

दर्यावर्दी
जहाजावर इंजिनिअर होतो. बंदर अब्बासला अनेकदा लागलो. तिथे हिंदूंचं जुनं देऊळ आहे, व्यापाऱ्यांनी बांधलेलं. आता पूजा वगैरे नाही, बघायला उघडतात.

एकदा जहाज दुरुस्तीला अडकलं म्हणून एजंटाबरोबर तेहरानला गेलो. विद्यापीठासमोरचा इन्किलाब रस्ता, पुस्तकांची दुकानं, फुटपाथवर ढीग. अप्पा बळवंत चौकाचा मोठा भाऊ म्हणा. सांगायचं म्हणजे, शोकेसमध्ये भारताच्या नकाशाचं चित्र असलेली दोन जाड पुस्तकं दिसली म्हणून किंमत विचारली. दुकानदार तोमानमध्ये बोलला, मी रियाल समजलो. दहापट फरक. मी खुशीत नोटा दिल्या, तो मान हलवतोय, मी म्हणतोय ठेवा ठेवा. शेवटी एजंटाने कपाळाला हात लावला. पुस्तकं घेतली नाहीत. आता वाटतंय ती याच बुवांची होती की काय!

सरळसोट
नसतीलही. पण गोष्ट चांगली आहे.

टोरांटोची_नीरजा
इथे आमच्या मजल्यावर निम्मी घरं इराणी आहेत. समोरच्या खानुम (म्हणजे बाई) माझ्या आईच्या वयाच्या. काल संध्याकाळी त्यांना मुद्दाम विचारलं, दार्यूश शायगान माहीत आहेत का. आधी चहा, मग पिस्ते, मग 'अगं घे ना', मग माझं 'नको नको', हे तीनदा. (त्यांच्याकडे याला तारोफ म्हणतात. कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही.)

मग आतून एक पुस्तक घेऊन आल्या. फ्रेंच कादंबरीकार प्रूस्तवरचं, २०१७ चं, शायगान यांचं शेवटच्या काळातलं. म्हणाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये गेले, नवरोज होऊन दोनच दिवस झाले होते. हफ्त-सीन (नवरोजला मांडतात त्या 'स'च्या सात वस्तू) मांडलेलं तसंच होतं, सब्ज़े हिरवंगार. (सब्ज़े म्हणजे थाळीत उगवलेला गहू, आपल्या घटासारखा. तेराव्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडतात.) जवळजवळ दोन महिने कोमात होते, बातमी येणार हे माहीत होतं, तरी.

मी तुमचा प्रश्न विचारला, मत बदललं ते प्रामाणिकपणे की सोयीने? त्यांना प्रश्नच आवडला नाही. म्हणाल्या, आमच्या पिढीत मत कुणाचं बदललं नाही ते सांग. माझा नवरा डावा होता, माझा भाऊ शरियतीवाला. सगळे बदलले. फरक एवढाच की बहुतेक जण 'आम्हाला फसवलं' म्हणतात. शायगान उघड म्हणाले की आम्हीच घाण केली, आमच्या पिढीने, आणि मला लाज वाटते. आणि दुसरं, ते परत आले. पॅरिसमध्ये बसून राहिले नाहीत. नव्वदच्या दशकात तेहरानला येऊन राहिले, प्रकाशनसंस्था काढली, तिथेच गेले.

मग मला विचारलं, तुमच्याकडे कुणी असं म्हणालंय का? मी पिस्ता खाल्ला.

रानवारा
शेवटचं वाक्य. बास.

उंटावरचा_शहाणा
नीरजाताई, खानुमना माझा सलाम सांगा. परत आले हे मला माहीत नव्हतं, खुर्चीवाला टोमणा मागे घेतो. तेलाचा मुद्दा मागे घेत नाही.

आणि परत येण्याचीही किंमत असते हे नोंदवतो. रामीन जहानबेगलू, ज्यांनी शायगान यांच्या प्रदीर्घ मुलाखतींचं पुस्तक केलं, त्यांना २००६ मध्ये तेहरान विमानतळावर धरलं आणि चार महिने एविन तुरुंगात ठेवलं. गांधींवर लिहिणारा माणूस. सुटल्यावर दिल्लीला येऊन शिकवत होते. तेव्हा शायगान यांना तिथे शांतपणे प्रूस्तवर लिहू दिलं याचा अर्थ काय घ्यायचा, हे मला ठरवता येत नाही. सरकारला ते निरुपद्रवी वाटले असतील. तसे ते होते का, हा पुढचा प्रश्न.

शब्दवेडी
ते निरुपद्रवी वाटले असतील तर वाचलं नसेल. २००१ च्या पुस्तकाच्या फारसी रूपात एक शब्द आहे, 'हुवियत-ए-चेहेल-तिक्के', चाळीस तुकड्यांची ओळख. आपल्या भाषेत गोधडी. तुमची एकच शुद्ध ओळख आहे असं ज्या देशात शाळेपासून सांगतात तिथे एकाने लिहिलं की आपण सगळे गोधड्या आहोत. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, आणि मधे कुणाची तरी जीन्स.

गोदाकाठ
दोन दिवस गावाला होतो, आता सगळं सलग वाचलं. माझा प्रश्न जरा बालिश होता, खानुमनी बरोबर कान धरला.

१९७७ चं पुस्तक सगळं मिळालं नाही, उतारे मिळाले. त्यात 'दुहेरी भ्रम' अशी कल्पना आहे. आशियातल्या माणसाला एकीकडे वाटतं की पश्चिम मला समजली, आणि दुसरीकडे वाटतं की माझं जुनं मी सांभाळून आहे. दोन्ही खोटं. हे वाचून परत १९८९ चं उघडलं तर निदान तेच. १९७७ मध्ये औषध म्हणून जे सुचवलं होतं ते पेशंटला दिलं गेलं, आणि पुढे काय झालं ते डॉक्टरने डोळ्यांनी बघितलं. त्यामुळे मत किती बदललं आणि अनुभवाने किती सोलवटलं, हे मला आता नीट वेगळं करता येत नाही.

भामतीताईंच्या माया-इश्कवर मात्र अडकलोय. फसवेपणा कुठे गेला?

भामती
फारसी कवी हाफिज़ वाचा. इश्क आधी सोपा वाटला, मग अडचणी उभ्या राहिल्या, असं तो पहिल्याच गझलेत सांगतो. तो फसवेपणा तिथे गेला असेल. पण हे मी वर्गात म्हणणार नाही.

खारी_बिस्किट
त्या पेन्सिलीच्या रेघा कुठल्या पानांवर आहेत ते सांगा ना गोदाकाठ. केव्हाची उत्सुकता आहे.

गोदाकाठ
कल्हईच्या प्रकरणावर सगळ्यात जास्त. समासात मराठीत लिहिलंय, 'साफ चूक'. आणि पुढच्या पानावर त्याच अक्षरात, जरा बारीक, 'पुन्हा वाचणे'.